उशीखालची थरथर

ती चष्म्याच्या काचा घासायची. चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या लांबट खोलीत, पाण्याची बारीक धार पडत असलेल्या चाकासमोर बसून, फ्रेममध्ये नेमक्या बसतील अशा बेतानं कडा घासायच्या. काम नाजूक आणि तितकंच कंटाळवाणं. केसभर जास्त घासलं की काच वाया, आणि वाया गेलेल्या काचेवरून मालक संध्याकाळपर्यंत पुटपुटत राहणार. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्यांना पूर्वी ती काहीबाही उत्तरं द्यायची, पुढे पुढे नुसती बघायला लागली. भावाला मूल झाल्यापासून घरात, जिन्यात, खालच्या दुकानातही सगळे तिला आत्याच म्हणू लागले. आपणही तेच म्हणू.

या आत्याला एक खूळ होतं. मायक्रोकंट्रोलर म्हणतात ते चिमुकले स्वस्त बोर्ड आणायचे, त्यांना तारा जोडायच्या, कॉम्प्युटरवरून चार आज्ञा शिकवायच्या आणि मग ते सांगितल्यासारखे वागतात का बघत बसायचं. बहुतेक वेळा ते वागत नाहीत. कुंडीला पाणी घालायला बनवलेलं तिचं पहिलं यंत्र खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींवर दोन तास पाणी सोडत बसलं होतं. माणूस आला की आपोआप लागणारा दिवा माणूस गेला की लागायचा. घरात तिला इंजिनीअरबाई म्हणत, आणि त्यात कौतुक चिमूटभर, बाकी सगळी चेष्टा. तिला त्याचं काही वाटत नसे. दिवसभर दुसऱ्यांच्या नंबराच्या काचा घासल्यावर स्वतःचं म्हणून काहीतरी बिघडवायला मिळतंय, एवढ्यावर ती खूश असायची.

या वेळी मात्र काम खेळाचं नव्हतं. तिच्या वहिनीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वहिनी छापखान्यात रंग जुळवायची. मूळ चित्रातला लाल आणि छापून आलेला लाल यांतला इतरांना न दिसणारा फरक तिला उभ्या उभ्या दिसायचा. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून वाचायची, बाकी घरातलं खुणांवर चालायचं. आत्यासाठी तिची खूण ठरलेली होती: दोन बोटं हवेत गोल फिरवायची, काच घासतात तशी. दादा माल थंड ठेवणारा मोठा ट्रक चालवायचा, निघाला की आठवडेच्या आठवडे बाहेर. तो घरी होता तोवर बाळ रडलं की तो वहिनीला हलवून उठवायचा. तो फेरीवर गेला आणि प्रश्न उभा राहिला. रात्री आत्या तिकडे झोपायला जायची, पण दिवसा? बाळंतपणाच्या रजेवर असलेली, सकाळपासून बाळाच्या मागे दमलेली वहिनी दुपारी त्याच्याबरोबरच आडवी व्हायची, आणि एकदा डोळा लागला की शेजारी बाळानं आकांत केला तरी तिला कळणार कसं?

आत्यानं दुपारीही येण्याची तयारी दाखवली, मालकाशी भांडून का होईना. तेव्हा वहिनीनं खुणा करता करता फोन उचलला आणि त्यावर लिहून दाखवलं: मी किती दिवस कुणाच्या तरी कानांवर जगायचं? मला माझं मूल माझं मला सांभाळायचंय.

आणि अशातच आई आली. आत्याची आणि दादाची आई, म्हणजे वहिनीची सासू. तिच्या मनात सगळं ठरलेलंच होतं. बाळाला ती आपल्या गावी नेणार, चांगलं बोलायला लागेपर्यंत तिथेच ठेवणार, आणि वहिनीनं सुट्टी मिळेल तशी येऊन भेटायचं. रविवारच्या दुपारच्या बसची तिकिटंही काढून झाली होती. आई काही दुष्ट बाई नव्हती. नातवाच्या काळजीनं तिला खरंच झोप नव्हती, आणि म्हणूनच तिच्याशी वाद घालणं अवघड होतं. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "आई म्हणते त्यातही तथ्य आहे." पाच मिनिटांनी वहिनीचा रडवेला चेहरा स्क्रीनवर दिसला तेव्हा म्हणाला, "हिचंही बरोबर आहे." या माणसाला ट्रकचं चाक कसं हातात देतात हे आत्याला आजवर कळलेलं नाही.

बाळ रडलं की आईच्या उशीखाली थरथर करणारी तयार यंत्रं मिळतात. पण ती लांबून मागवावी लागत आणि रविवारच्या आत येणं शक्य नव्हतं. आत्या म्हणाली, मी करते. पाळण्यापाशी एक मायक्रोफोन, त्याला जोडलेला बोर्ड, आणि तिथून एक लांब तार वहिनीच्या उशीखालच्या चपट्या डबीत. डबीत दणकट मोटर, झोपलेल्याला गदागदा हलवेल अशी. आत्याच्या टेबलावर यंत्र सुतासारखं सरळ चाललं. वहिनीच्या खोलीत नेऊन लावलं आणि त्याचं डोकं फिरलं. कधी बाळ शांत झोपलेलं असताना डबी उगीच गुरगुरायची, कधी बाळ टाहो फोडत असताना ढिम्म हलायची नाही.

आता यंत्राच्या पोटात काय चाललंय ते बघायचं कशानं? आत्यानं आधी घरातल्या घरात उपाय केले. तारेवर एक बारीक दिवा डकवला. बाळ रडलं की दिवा लागत होता, म्हणजे बोर्डाला रडणं कळत होतं. मग तिनं एका जुन्या बोर्डाला नवा धडा शिकवून त्यालाच तपासनीस बनवला, म्हणजे एका बोर्डानं दुसऱ्याची नाडी बघायची. यात खर्च काही नाही, फक्त डोळ्यांची वाट. त्यानंही निर्वाळा दिला की आज्ञा पाळल्या जातायत. म्हणजे घोळ बोर्ड आणि मोटर यांच्यामध्ये कुठेतरी होता. तिथे बघायला आठ तारांवर एकाच वेळी नजर ठेवणारं, कोणत्या क्षणी कोणत्या तारेत वीज होती ते रेघा काढून दाखवणारं अॅनलायझर नावाचं यंत्र लागतं. चांगल्या कंपनीच्या अॅनलायझरची किंमत आत्यानं दुकानात विचारली होती आणि विक्रेत्याला "सांगते हं" म्हणून बाहेर पडली होती. त्याच्या स्वस्त नकला मिळतात हे तिला ठाऊक होतं. पण त्यांचीही वाट बघायला वेळ नव्हता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं जुन्या सामानाच्या दुकानांची गल्ली गाठली. तिथला एक दुकानदार बंद पडलेले टीव्ही किलोवर घ्यायचा आणि त्यांतून निघालेलं सगळं नगावर विकायचा. आत्याला बघून त्यानं कोपऱ्यातला, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा, ट्रंकेएवढा जुना ऑसिलोस्कोप पुसायला घेतला.

"ताई, हा न्या. असा आता बनत नाही."

"बनत नाही ते बरंच आहे. उचलायला चार माणसं कुठून आणू?"

"मग हे मीटर बघा."

"मीटर आहे माझ्याकडे. मीटरला एवढं झटपट दिसत नाही."

तो पुढचं काही काढेपर्यंत आत्यानं वायरींच्या गुंत्याचा एक खण उपसायला घेतला. तळाशी एक काळी चपटी डबी होती, तिच्या एका अंगाला कॉम्प्युटरची खाच आणि दुसऱ्या अंगाला टाचणीसारख्या पिनांच्या दोन रांगा. शेजारीच रंगीत तारांचा झुबका, प्रत्येक तारेच्या टोकाला बारीक चिमटा. अॅनलायझरच होता तो. तोंडावर मात्र तिनं काहीही दिसू दिलं नाही.

"हे काय आहे हो?" तिनं विचारलं.

"असेल कशाचं तरी. बंद झालेल्या एका रिपेअरिंगवाल्याकडून खणासकट आलंय."

"चालतं का?"

"चाललं तर तुमचं नशीब, नाही चाललं तर परत आणू नका."

त्याच्या भावात आत्यानं फार घासाघीस केली नाही, आणि तिथेच ती फसली. ही बाई एवढ्या मुकाट्यानं पैसे देतेय म्हणजे आपण स्वस्तात दिलं, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. तो काही बोलायच्या आत ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.

शनिवारी दुकान अर्धा दिवस. आत्या थेट वहिनीच्या खोलीत जाऊन बसली. अॅनलायझर कॉम्प्युटरला लावला, चिमटे एकेका तारेवर चढवले, दोन काळे चिमटे दोन टोकांना, आणि फोनवर रेकॉर्ड केलेलं बाळाचं रडणं वाजवलं. पडद्यावर रेघा उमटल्या आणि उशीखालची डबी घुमली. पुन्हा वाजवलं, पुन्हा घुमली. दहा वेळा वाजवलं, दहाही वेळा. रेघा बघाव्यात तर शाळेतल्या पट्टीनं आखल्यासारख्या. दोष शोधायला आणलेल्या यंत्राला दोष सापडेना. आत्याला वाटलं, कुठलातरी सांधा ढिला असेल, आपण चिमटे लावताना तो बसला असेल. माणसाला हवं असतं तेच त्याला पटतं. तिनं चिमटे काढले, कॉम्प्युटर मिटला आणि बाहेर जाऊन म्हणाली, "आई, चल. बघ आता."

बाळ पाळण्यात जागं होण्याच्या बेतात होतं. वहिनी कॉटवर आडवी झाली, उशीवर डोकं टेकवून तिनं डोळे मिटले. आई पाळण्यापाशी हाताची घडी घालून उभी राहिली. बाळानं आधी पाय झाडले, मग तोंड वाकडं केलं, मग रडायला सुरुवात केली. वहिनी निजून राहिली. बाळाचा आवाज चढला, चेहरा लाल झाला, श्वास अडकून अडकून येऊ लागला. वहिनीचे डोळे तसेच मिटलेले, ओठांवर किंचित हसू, कारण आता कोणत्याही क्षणी उशी हलणार याची तिला खात्री होती. ते हसू आत्याला बघवेना. ती डबीकडे बघत होती, तारेकडे बघत होती, मनातल्या मनात हातापाया पडत होती, पण डबी मेल्यासारखी पडून होती. शेवटी आईनं बाळाला उचललं आणि खांद्यावर घेतलं. तिची सावली तोंडावरून गेली म्हणून वहिनीनं डोळे उघडले. बाळ सासूच्या खांद्यावर हुंदके देत होतं.

"झालं तुमच्या मनासारखं?" आई आत्याला म्हणाली. "अगं, खेळणी आहेत ही. खेळण्यावर मूल सोडतात का कुणी? सांग तिला, बाळाचे कपडे भरून ठेव म्हणावं."

वहिनीला ते सांगायची गरज नव्हती.

आई बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. वहिनी उठून बसली, तिनं दोन बोटं हवेत गरकन फिरवली आणि मग अशा काही खुणा केल्या की त्यांचा अर्थ आत्याला सगळा कळला नाही तरी राग कळला. ती अॅनलायझरकडे बोट दाखवत होती. हे लावलं की चालतं. हे काढलं की मरतं. मग काढलंस कशाला? राहू दे ना कायमचं.

"तसं नसतं गं," आत्या तिच्यासमोर तोंड करून म्हणाली. "ते फक्त बघतं. ते काही करत नाही. डॉक्टरच्या नळीनं ताप उतरतो का?"

वहिनीनं ते वाचलं आणि मान हलवली, जोरात. तिला रंग बघायची सवय. समोर दिसतंय ते असं का दिसतंय हा पुढचा प्रश्न, आधी दिसतंय हे तर कबूल करा. तिनं स्वतःच चिमटे परत लावायला घेतले. आत्यानं मघाशी कुठे काय लावलं होतं ते तिला रंगासकट आठवत होतं. आत्यानं तिच्या समाधानासाठी कॉम्प्युटर उघडून दिला, फोनवर रडणं वाजवलं, डबी घुमली. वहिनीनं बघितलंस ना असा हात केला. मग पाळण्यापाशी ठेवलेल्या फोनकडे जायला वाट हवी म्हणून तिनं मध्ये येणारा कॉम्प्युटर बाजूला सारला आणि त्याची वायर अॅनलायझरमधून उपसून टाकली. अॅनलायझरचा दिवा विझला. फोनवरचं रडणं अजून सुरूच होतं.

आणि डबी घुमतच राहिली.

आत्या बघत राहिली. अॅनलायझर मेलेला होता. त्याला वीज नाही, कॉम्प्युटर नाही, तो काही बघत नव्हता की नोंदत नव्हता. तो आता नुसता प्लॅस्टिकचा तुकडा होता आणि त्याला चिमटे होते. मग यंत्र चालतंय कशावर? तिनं एकेक रंगीत चिमटा काढला. पांढरा काढला, डबी चालू. पिवळा, निळा, हिरवा काढला, तरी चालू. शेवटी दोन काळेच उरले, एक बोर्डाकडे लावलेला आणि एक मोटरकडे. त्यातला एक काढल्याबरोबर डबी गप्प. लावला, सुरू. काढला, गप्प.

तिनं कपाळावर हात मारून घेतला, चांगला सणसणीत. वीज एका तारेनं जाते तशी दुसरीनं परत यावी लागते. ती परतीची काळी तार म्हणजे शून्य, तिथून सगळी मोजणी. आत्याच्या टेबलावर बोर्ड आणि मोटर दोघंही एकाच कॉम्प्युटरवर चालत, म्हणून दोघांचं शून्य आपोआप एकच होतं. वहिनीच्या खोलीत तिनं बोर्डाला एक चार्जर दिला आणि मोटरला दुसरा, आणि दोघांच्या काळ्या तारा एकमेकींना जोडायच्या राहूनच गेल्या. बोर्ड ओरडून सांगत होता, पण त्याचं शून्य कुठे आणि मोटरचं कुठे, मेळच नव्हता. स्वस्तातल्या त्या अॅनलायझरचे दोन काळे चिमटे आतून एकच असतात. दोष बघायला म्हणून तिनं ते दोन टोकांना लावले की दोष मिटत होता, आणि काढले की परत येत होता. तिचा तपासनीसच रोग्याला औषध पाजत होता, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघून रोगी ठणठणीत असल्याचं जाहीर करत होती.

तिनं वीतभर काळी तार कापली, कथलाचा डाग देऊन तिनं बोर्डाची आणि मोटरची काळी तार एकमेकींना जोडली आणि वहिनीला म्हणाली, "तूच शोधलंस." वहिनी हसली नाही. तिनं बाहेरच्या खोलीकडे बोट केलं.

आईला पुन्हा तयार करणं तारा जोडण्याइतकं सोपं नव्हतं. "मघाशी चाललं नाही ते आता चालेल, आणि उद्या पुन्हा चालणार नाही," ती म्हणाली. असं बोलायला आईला आत्यानंच जागा दिली होती. शेवटी रविवारी सकाळी, बॅग दारापाशी उभी असताना, आईनं एक अट घातली.

"आपण दोघी बाहेर बसू. दार बंद. मूल झोपेल, ती पण झोपेल, खरीखुरी. मूल रडल्यावर ती आपणहून उठून त्याला घेऊन बाहेर आली तर मी एकटी जाईन. पण तू उठायचं नाहीस. दारही वाजवायचं नाहीस."

"तूही नाही," आत्या म्हणाली.

"मी कशाला उठतेय? मला बघायचंच आहे."

वहिनीला झोप लागायला वेळ लागला नाही. आदल्या रात्रभर ती जागीच होती. आत्यानं दार ओढून घेतलं आणि आईसमोर येऊन बसली. आई बाळाची अंगडी घड्या घालून बॅगेत ठेवत होती आणि सोबत बोलत होती. शेजारणीच्या तुंबलेल्या मोरीबद्दल, मोरीवाल्या माणसानं तीनदा येतो म्हणून न येण्याबद्दल, मग त्याच्या बायकोबद्दल. आत्या हुं हुं करत होती. तिचा जीव त्या दाराला चिकटला होता. तिला डाग दिलेला सांधा आठवत होता, कच्चा तर राहिला नसेल, उशीखाली तार दुमडली तर नसेल.

तेवढ्यात आत बाळ कुरकुरलं. आत्या ताठ झाली. कुरकुरीचं रडणं झालं, बारीक पण स्पष्ट. तिनं खुर्चीच्या कडेला घट्ट धरलं आणि आईकडे बघितलं. आई अंगड्याची बाही सरळ करत होती. "आणि त्याची बायको म्हणते, आम्हाला फोनच आला नाही," आई म्हणाली. बाळाचा आवाज चढला. आत्याला आईचा राग आला. काय ही बाईची छाती, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. एवढी कडक परीक्षा घ्यायची असते का? बाळ आता ओरडत होतं. आता ऊठ, वहिनी, ऊठ, आत्या मनात म्हणत होती. आई अजून मोरीवाल्याच्या बायकोवरच होती. मग आत मोटरची घरघर सुरू झाली, कॉट करकरली, पावलं वाजली, आणि रडणं हळूहळू ओसरत हुंदक्यांवर आलं.

आत्याला रडूच यायला लागलं होतं. आता आई हरले म्हणेल, किंवा नाक मुरडेल, काहीतरी म्हणेल.

आईनं शेवटचं अंगडं ठेवलं, दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "आज बराच वेळ झोपलं गं. अजून रडलं कसं नाही?"

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. आई चेष्टा करत नव्हती. एकाएकी आत्याला आईचे फोन आठवले, नीट बोल गं, काय तोंडातल्या तोंडात बोलतेस, आणि टीव्ही एवढा मोठा कशाला म्हटलं की तिचं चिडणं. ही बाई बाळाला आपल्याजवळ झोपवायला नेणार होती, रिकाम्या घरात, एकटीच.

दार उघडलं. केस विस्कटलेली वहिनी बाळाला छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती. बाळाचे गाल ओले होते, पापण्या चिकटलेल्या, आणि मध्येच एखादा उसासा येऊन त्याचं सगळं अंग हलत होतं. आई त्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"हे रडलं कधी?" तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. आत्याला तसं सुचलंही. "आत्ता," ती म्हणाली. "बराच वेळ रडत होतं, आई. मोठ्यानं."

आईनं बॅगेच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून ती खाली बघत बसली. वहिनी एकदा सासूकडे आणि एकदा नणंदेकडे बघत होती. चालली की आपली उशी, मग यांचे चेहरे असे का, हे तिला कळेना. जमिनीकडे बघतच आई काहीतरी पुटपुटली. वहिनीनं भुवया उंचावून आत्याला विचारलं, काय म्हणतायत? आत्यानं सांगण्यासाठी हात उचलला, तेव्हा आईनं तो धरला आणि खाली केला. मग ती उठली, वहिनीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि हळूहळू, ओठ नीट हलवत पुन्हा म्हणाली, "मला ऐकू आलं नाही."